ख्रिस्ती जीवनात विश्वासूपणावर एवढा जोर का? नुसता विश्वास पुरत नाही का?

तुमचा प्रश्न असा आहे: 'तारण विश्वासाने होतं, मग विश्वासूपणाचं एवढं काय? माझं वचनवाचन आणि प्रार्थना महिनोन्महिने चुकते, मधे मंडळीही (म्हणजे चर्च) बदलली. मी अविश्वासू ठरतो का?'

मी पाळक म्हणजे पास्टर नाही, धर्मशिक्षणाच्या सेमिनरीचं तोंडही पाहिलेलं नाही. एसटीत 29 वर्षं कंडक्टरकी केली आणि नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या मंडळीचा 9 वर्षं खजिनदार होतो. 'होतो' म्हणजे मला काढलं. म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर असल्या प्रश्नाखाली वचनं चिकटवून जाणारे पुष्कळ आहेत.

आधी वाचनाचं उरकतो. तुमचं वाचन चुकलं म्हणून देव हजेरीपट काढून बसत नाही. आज राहिलं, उद्या वाचा. त्यावर रात्ररात्र रडणारी माणसं मी पाहिलीत आणि त्यातलीच काही सोमवारी कामावर जाऊन सरळ खोटी बिलं लावतात. तेव्हा त्या रडण्याला मी फार किंमत देत नाही.

आता विश्वास आणि विश्वासूपणा. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये दोन्हीला एकच शब्द आहे, पिस्तिस. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची यादी आहे, त्यात मराठीत आपण 'विश्वासूपणा' वाचतो, तिथं मुळात हाच शब्द. म्हणजे एक पुरतो का, हा प्रश्नच थोडा वाकडा आहे. आमच्याकडे या विषयावर संदेश झाला की पंडिता रमाबाई येतातच. केडगावला मुक्ती मिशन, हिब्रू-ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठीत आणलेलं अख्खं बायबल, 1922 साली मरेपर्यंत त्याच कामाला जुंपलेली बाई. खरंच थोर. पण ऐकणारा मनात म्हणतो, आपण काही रमाबाई नाही, आणि सुटतो. मी पण सुटायचो.

माझी परीक्षा झाली ती पत्र्याच्या पेटीपुढे.

2016 साल. मंगळवारी, 8 नोव्हेंबरला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या आणि त्याच रविवारी, 13 तारखेला, आमचा हंगामाचा सण. आमच्यात या सणाला लोक शेतातलं, परसातलं पहिलं आणतात, उपासना झाली की वेदीपुढच्या मालाचा लिलाव होतो. डांगर, ज्वारीची पायली, कोंबडा, कुणाच्या घरचं तूप. दहा रुपयांचं लिंबू दोनशेला जातं, कारण ती खरेदी नसते, अर्पण असतं. त्या वर्षी पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं होतं की जुन्या नोटा चालतील, बँकेत भरता येतील, संकोच करू नका. त्या दिवसांत शंभराची नोट म्हणजे सोनं. एटीएमपुढे मारुतीच्या शेपटासारख्या रांगा, दुकानदार सुट्ट्यासाठी हात जोडायचे.

आमच्या गल्लीत एक म्हातारी आहे, सगळे तिला मावशी म्हणतात. तिनं मेथीच्या एका जुडीवर शंभर रुपये बोली लावली. पैसे द्यायला टेबलापाशी आली, पिशवीत पाचशेची नोट दिसत होती. मी म्हणालो, मावशी, पाचशेची द्या, चारशे परत देतो, तुमचं पण काम होईल. तिनं कमरेची चंची सोडली, चार घड्या घातलेली शंभराची नोट काढली. एका कोपऱ्याला हळद लागलेली. म्हणाली, 'बाद झालेली नोट देवाला कशी देऊ रे?'

पैसे दोघांनी मोजायचे, हा आमचा नियम. मी आणि एक तरुण पंच, म्हणजे मंडळीच्या कारभारी कमिटीतला. वहीत नोटांचा तपशील लिहून दोघांच्या सह्या. मला ते पान पाठ आहे: पाचशेच्या 4, शंभराच्या 112, बाकी पन्नास, वीस, दहा आणि चिल्लर. एकूण 18,430. त्या शनिवार-रविवारी बँका उघड्या होत्या, पण आमचा लिलाव आटपेपर्यंत पाच वाजले. सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी. पेटी माझ्या घरी आली.

पेटीला दोन कुलपं होती. एक किल्ली खजिनदाराकडे, दुसरी सेक्रेटरीकडे. पण सेक्रेटरी नोकरीमुळे बाहेरगावी असायचे, म्हणून चार वर्षांपासून दुसरी किल्लीही माझ्याच खुंटीला होती. सोयीसाठी. आणि माझ्यावर विश्वास होता ना सगळ्यांचा.

त्या रात्री धाकट्या मुलीचा ताप उतरेना. तीन दिवस डेंग्यूचा संशय होताच, रिपोर्टमध्ये प्लेटलेट खाली गेलेल्या. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती खासगी दवाखान्याची. काउंटरवर दहा हजार डिपॉझिट, आणि जुन्या नोटा चालणार नाहीत. सरकारी दवाखान्यात चालत होत्या, हे मला माहीत होतं, काउंटरवरच्या पोराला पण माहीत होतं. कार्डाचं मशीन नाही, चेक नको. माझ्याजवळ सुटे हजारेक, आणि घरी पत्रे बदलायला काढून ठेवलेले पाचशेच्या नोटांतले साडेबारा हजार. बायकोला आणि पोरीला बाकावर बसवून मी मोटारसायकलीवर घरी आलो.

दोन्ही कुलपं मीच उघडली. शंभराच्या 90 नोटा काढल्या, त्या जागी माझ्या पाचशेच्या 18 ठेवल्या. नऊ हजार गेले, नऊ हजार आले. मोजताना ती हळद लागलेली नोट हाताला आली. थांबलो. मग तीही गठ्ठ्यात घातली, कारण एक कमी पडली असती.

पाळकांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. फोन खिशात होता. तो तरुण पंच तर रात्री बारापर्यंत जागा असतो. एक फोन केला असता तर कुणीही 'घ्या' म्हणालं असतं, वर शंभर-दोनशे घेऊन धावत आलं असतं. मी केला नाही. घाई होती, हे खरं. पण घाई होती म्हणून नाही केला, हे खरं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

मुलगी पाच दिवसांनी घरी आली. आता तिला एक पोरगा आहे.

मंगळवारी बँकेत रांगेत उभा राहून स्लिप भरली: पाचशेच्या 22, शंभराच्या 22. वहीत 4 आणि 112. बेरीज तीच. दोन आठवडे मी कुणाला बोललो नाही. मग पंचांच्या मीटिंगमध्ये वही आणि स्लिप शेजारी शेजारी ठेवली आणि सांगितलं.

एक ज्येष्ठ पंच म्हणाले, 'एक पैसा कमी आहे का? नाही ना? विषय बंद, चहा मागवा.' तो मोजायला बसलेला तरुण मात्र लाल झाला. म्हणाला, त्या पानावर माझी सही आहे, तुम्ही माझी सही खोटी केलीत. तासभर वाद झाला. नाताळच्या आधी किल्ल्या जमा करायच्या, असं ठरलं. त्या वेळी मला त्या पोराचा इतका राग आला होता की दोन वर्षं मी त्याच्याशी हात मिळवला नाही, प्रभुभोजनाच्या रविवारी सुद्धा. आज सांगतो, त्या खोलीत नेमकं दुखणं त्यालाच कळलं होतं.

आणि आता आमचे दाजी. बहिणीचे यजमान, पुण्यात एका मोठ्या संगतीत, म्हणजे ख्रिस्ती फेलोशिपमध्ये, जातात, तिथं दर रविवारी विश्वासू राहा म्हणजे दुप्पट मिळेल, असं शिकवतात. त्यांचं म्हणणं, 'देवाचेच पैसे, देवाच्याच लेकराला लागले. दाविदाने नाही का भुकेपोटी फक्त याजकांनी खायची समर्पित भाकरी खाल्ली? तू उगाच मोठेपणा करायला गेलास.' आठ-नऊ वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात हेच. तर दाजी, इथं लिहूनच टाकतो. दाविदाने भाकरी याजकाकडे मागितली होती. 1 शमुवेल 21 काढून वाचा. रात्री कुलूप उघडून घेतली नव्हती.

शिवाय मी कंडक्टर माणूस. ड्युटीवर निघताना खिशातले स्वतःचे पैसे आम्ही लिहून देतो, म्हणजे बॅगेतले आणि आपले मिसळत नाहीत. त्या महिन्यात एसटीत तिकिटाला जुन्या नोटा चालत होत्या, आणि डेपोत ताकीद होती की बॅगेतले शंभर काढून आपले पाचशे टाकायचे नाहीत. पकडला तर केस. बेरीज बरोबर आहे, साहेब, हे उत्तर तिथं चालत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक. माझी बॅग त्या रात्री जवळ असती तर तिला मी हात लावला नसता. देवाच्या पेटीला लावला. मलाखी संदेष्टा विचारतो ना, तुम्ही आंधळं-लंगडं जनावर वेदीवर आणता, तेच तुमच्या अधिकाऱ्याला देऊन बघा, घेईल का तो? हे वचन मी मंडळीच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत पोरांना शिकवलेलं आहे. फळ्यावर लंगडी शेळी काढून.

मावशीने बाद नोट देवाला दिली नाही. मी तिची चांगली नोट काढून तिथं बाद नोट ठेवली. बँकेला दोन्ही सारख्याच होत्या, मला नाहीत.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. निर्गम 17 मध्ये इस्राएलची अमालेकी लोकांशी लढाई आहे. मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएल जिंकतंय, हात खाली आले की हरतंय. म्हाताऱ्याचे हात भरून येतात. मग त्याला दगडावर बसवतात, एका बाजूने अहरोन, दुसऱ्या बाजूने हूर हात धरून उभे राहतात, आणि सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहतात. तिथं 'स्थिर' म्हणून जो हिब्रू शब्द आहे तो एमुना, म्हणजे तोच विश्वासूपणाचा शब्द. आमेन त्याच धातूतला. म्हणजे हात मोशेचे, पण ते स्थिर ठेवायला तीन माणसं लागली. प्रेषित पौलाने यरुशलेमेच्या मंडळीसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा तोही एकटा पिशवी घेऊन निघाला नाही. आपला साथीदार तीत याच्याबरोबर दुसरा भाऊ पाठवला आणि लिहिलं की या दानाच्या बाबतीत आमच्याकडे कुणी बोट दाखवू नये. पौलाला दोन माणसं लागतात, आणि आम्ही दुसरी किल्ली खुंटीला लावतो.

म्हणून माझा सल्ला: वाचन किती दिवस चुकलं ते मोजू नका. तुम्हाला 'काय रे, गेल्या महिन्यात कुठं होतास' असं तोंडावर विचारणारं एक माणूस शोधा, आणि त्याला खरं सांगा. ॲप नको, ग्रुप नको. एक माणूस. आणि तुमच्या हातात मंडळीचे पैसे असतील तर दुसरी किल्ली आजच दुसऱ्याच्या घरी नेऊन द्या, तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास असला तरी. असला तर आधी द्या.

एक गोष्ट राहिली, न सांगितली तर हे उत्तर पण त्या वहीसारखंच होईल. दाजी म्हणतात, 'स्लिप जुळत नव्हती, ऑडिटमध्ये निघालंच असतं, म्हणून सांगितलंस.' हे निम्मं खरं आहे. स्लिपवर नोटांचा रकाना नसता तर मी तोंड उघडलं असतं का? त्या दोन आठवड्यांत 'नको सांगू' असं मी स्वतःला निदान रोज एकदा म्हणालो होतो. वसईचा माझा एक कॅथलिक मित्र म्हणतो, तुमच्यात कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पाप कबूल करणं, नाही म्हणून तुम्ही लोक इतकी वर्षं कुढता. असेल. आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वसनीय राहतो, असं तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात आहे. मी त्याच्यावर टेकून आहे, पण त्याची पावती करून दाजींना दाखवत फिरत नाही.

2021 पासून पुन्हा मोजायला बसतो. खजिनदार आता तोच तरुण आहे, मी दुसरा माणूस. तो मोजतो, मी पुन्हा मोजतो, मग सही. मावशी अजून आहे, दर हंगामाला मेथीवरच बोली लावते. तिला मी अजून सांगितलेलं नाही. पंचांना सांगणं सोपं होतं.

मंडळी बदलण्याचं विचारलंत, त्यासाठी वेगळा प्रश्न टाका. त्यावर माझं भांडण दुसऱ्याच माणसाशी आहे.