आधी बदक, मग बूशे

अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार बूशे, त्याच्या निळसर-गुलाबी रानावर लगेच भाळू नकोस. त्याने ऑपेराचे पडदे रंगवले होते. त्याच्या चित्रांतले मेंढपाळ रेशमात वावरतात ते उगाच नाही. आधी त्याच काळातल्या उद्री या फ्रेंच चित्रकाराचं १७५३चं ‘पांढरं बदक’ बघत बस. पांढऱ्या भिंतीवर टांगलेलं बदक, शेजारी पांढरं कापड, चांदीची मेणबत्तीदाणी. तरी प्रत्येक पांढरा निराळा. पिसांच्या सावलीत कुठला रंग मिसळलाय ते शोध. (मूळ चित्र इंग्लंडमधल्या हाउटन हॉल या हवेलीतून चोरीला गेलं, त्यामुळे छापील प्रतीवरच भागवायचं.) आणि हो, त्या काळातली बरीच पक्षीचित्रं दारांच्या वरच्या चौकटींसाठी काढलेली. पुस्तक मांडीवर ठेवून त्यांचा तोल कळत नाही. पान भिंतीवर उंच चिकटव, मान वर करून बघ.