कऱ्हा नदी कुठे उगम पावते, तिला हे नाव कसं पडलं आणि कऱ्हाड तिच्याच काठी आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. कऱ्हाड सातारा जिल्ह्यात, कृष्णा-कोयनेच्या संगमावर. या नदीशी त्याचं नातं फक्त अक्षरांपुरतं.

कऱ्हा पुणे जिल्ह्यातली. पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेला, गराडे गावाकडच्या डोंगरांत तिचा उगम. तिथून ती पूर्वेला निघते. सासवडला चांबळी नदी येऊन मिळते, त्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. पुढे जेजुरीजवळ नाझरे धरण, मग पांडेश्वर, मयूरेश्वराचं मोरगाव, बारामती आणि शेवटी सोनगावला नीरा. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेत जाते.

नावाची कथा आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. ब्रह्मदेव डोंगरावर तपाला बसले होते. पांडवांना पाणी हवं होतं, पण देव काही डोळे उघडेनात. तेव्हा पांडवांनी त्यांचा कमंडलू, म्हणजे करा, कलंडवला आणि त्यातून वाहिली ती कऱ्हा. लग्नात करवली हातात घेऊन उभी राहते, तोच हा करा. बोलताना मात्र तो करा आणि ती कऱ्हा, कऱ्हेचं पाणी. पांडेश्वरच्या देवळाचा संबंधही लोक पांडवांशीच जोडतात.

कथा खरी-खोटी करत बसण्यात मला रस नाही, पण ती रचणाऱ्याला हा मुलूख पक्का ठाऊक होता. सह्याद्रीचा पाऊस घाटमाथ्यावरच बराचसा सांडून जातो आणि पुरंदरचा पूर्व भाग पर्जन्यछायेत राहतो. त्यामुळे नदीला पाणी ते किती? उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी नुसती वाळू न् खडक, एखाद्या डोहात काय उरेल तेवढंच. देवाकडे मागूनही एक कमंडलूभरच मिळावं, हे इथल्या माणसाला सहज पटतं. तरी मान मोठा: सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी जेजुरी गडावरून उतरते ती कऱ्हेवर स्नानासाठीच.

जाता जाता आणखी एक. नदीकाठचा मुलूख तो कऱ्हेपठार, जुन्या कागदपत्रांतही हे नाव येतं. कडेपठार वेगळं, ते जेजुरीच्या डोंगरावरचं खंडोबाचं जुनं ठाणं. रिक्षावाल्याला नीट सांगा.