कंपाईल होतंय, मग रन करताना का अडतंय?

प्रश्न: ताई, मी निपाणीजवळच्या खेड्यातला, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टला गावच्या दूध डेअरीचं सॉफ्टवेअर जावात करतोय. 'दूध' हा क्लास, त्याच्यावरनं 'म्हशीचं दूध' आणि 'गाईचं दूध' असे दोन सबक्लास. एक मेथड 'दूध'चा ॲरे (एकाच प्रकारच्या नोंदींची रांग) घेते आणि त्यात गाईच्या दुधाची नोंद घालते, तिला मी चुकून म्हशीच्या दुधाचा ॲरे पाठवला. कंपायलर काहीच बोलला नाही, रन केल्यावर ॲरेस्टोअरएक्सेप्शन! जावा टाईप-सेफ, म्हणजे एका प्रकारच्या जागी भलताच प्रकार जाऊ न देणारी, म्हणतात, मग हे कसं?

उत्तर: अरे, म्हणतात ते खोटं नाही, पण अर्धंच सांगितलंय तुला. डेअरीवर सकाळी बघ की, म्हशीचे कॅन वेगळे, गाईचे वेगळे, कारण म्हशीला फॅट ६-७ लागते आणि गाईला ३.५-४, दर सगळा त्याच्यावर. आता म्हशीच्या कॅनला कुणी नुसतं 'दुधाचा कॅन' म्हटलं आणि चहापुरतं काढून घेतलं तर काय बिघडलं, दूधच निघणार. पण 'दुधाचाच कॅन हाय की' म्हणून त्यात गाईचं ओतलं की झालं वाटोळं. तुझ्या मेथडनं ओतलंय.

ॲरेला ही मोकळीक जावानं मुद्दाम दिलेली. १९९५ ला भाषा आली तेव्हा जेनेरिक्स, म्हणजे 'ही लिस्ट अमक्याचीच' असं कोडमध्येच लिहायची सोय, नव्हते, कुठलाही ॲरे सॉर्ट करणारी एकच मेथड लिहायची तर स्ट्रिंगचा ॲरे ऑब्जेक्टचा म्हणून चालवून घ्यावा लागायचा. त्याच्या बदल्यात ॲरेत ऑब्जेक्ट ठेवताना जेव्हीएम, म्हणजे जावाचा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, बघतं, हा मुळात कसला ॲरे. म्हणजे तुला आलेलं एक्सेप्शन हीच सेफ्टी, गाईचं दूध कॅनमध्ये पडलंच नाही, त्याच ओळीवर हात धरला. सी मध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकीचा कास्ट केलास, म्हणजे जबरदस्तीनं दुसऱ्याच प्रकारचा मानलास, तर असं कोण धरत नाही, प्रोग्राम भलतेच बाईट वाचत पुढं जाऊ शकतो आणि चुकीचं बिल छापून मोकळा.

तरी रन करताना कळणं म्हणजे उशीरच. जावा ५ पासनं, म्हणजे २००४ पासनं जेनेरिक्स आहेत, तू लिस्ट वापर. म्हशीच्या दुधाची लिस्ट 'दूध'ची लिस्ट म्हणून कंपायलर घेतच नाही, तिथंच लाल रेघ. नुसती लिटरची बेरीज करायची असेल तर मेथडमध्ये 'प्रश्नचिन्ह एक्स्टेंड्स दूध' लिही, दोन्ही लिस्ट चालतात, आणि त्यात दूध ॲड करायला गेलास तर कंपायलर अडवतो.

एक मात्र कळकळीनं सांगते, टाईप न देता नुसती 'लिस्ट' लिहू नको आणि 'इथं प्रकार तपासता आला नाही' सांगणारी कंपायलरची अनचेक्ड वॉर्निंग दाबू नको. रन होताना लिस्टला आपण कशाची लिस्ट हे ठाऊकच नसतं, कंपायलरनं पुसलेलं असतं, त्यामुळं ॲरेसारखं जागच्या जागी अडत नाही. बेळगावातल्या एका दुकानाचं बिलिंग करताना मी हेच केलेलं, गिऱ्हाइकांच्या नावांच्या लिस्टमध्ये एका जुन्या मेथडनं नंबर घुसवला आणि क्लासकास्टएक्सेप्शन फुटलं तिसऱ्याच फाईलमध्ये, रिपोर्ट छापताना. दोन रात्री मी छपाईचा कोड वाचत बसले, जिथं चूक नव्हतीच.

तर आजच तो ॲरे काढून लिस्ट कर. चार-पाच ठिकाणी लाल होईल, घाबरू नको, एकेक बघत जा, पण कास्ट मारून त्यांना गप्प करू नको. अडलास तर ती मेथड जशीच्या तशी लिहून पाठव.