आठवणी उसन्या, माणूस कोणाचा?

प्रश्न : ‘डार्क सिटी’ हा १९९८ चा चित्रपट नुकताच पाहिला. त्यातील परके जीव रोज मध्यरात्री सगळे शहर झोपवून माणसांच्या आठवणी बदलतात. माणसाचे माणूसपण डोक्यात सापडायचे नाही, असे नायक जॉन मर्डॉक शेवटी त्यांना सुनावतो. पण लगेच त्याच खोट्या आठवणींतला समुद्रकिनारा, शेल बीच, तो खराखुरा उभा करतो. ही विसंगती नाही का? आणि चित्रपटाच्या दोन आवृत्त्यांपैकी कोणती पाहावी?

उत्तर : आधी सोपा भाग. २००८ मध्ये आलेली दिग्दर्शक अ‍ॅलेक्स प्रोयास यांची आवृत्तीच पाहावी. मूळ आवृत्तीच्या आरंभी, स्टुडिओच्या आग्रहामुळे, परक्यांसाठी बनावट आठवणी तयार करून माणसांना सुईने टोचणाऱ्या डॉक्टर श्रेबरच्या तोंडून सगळे रहस्य सांगून टाकले होते, त्यामुळे नायकाबरोबर अंधारात चाचपडण्याचा अनुभवच हिरावला जातो.

आता विसंगतीविषयी. नोआर, म्हणजे काळोख्या वातावरणाच्या गुन्हेगारी चित्रपटात नायकाच्या मागे सहसा त्याचाच भूतकाळ हात धुऊन लागलेला असतो. येथे खुनी म्हणून ज्याचा पाठलाग होतो, त्या मर्डॉकचा भूतकाळ त्याचा नाहीच, तो त्याला टोचण्यात येणार होता. तरीही तो कोण आहे हे आपल्याला अगदी सुरुवातीलाच कळते. हॉटेलच्या खोलीत काचेचे भांडे फुटते, सोनेरी मासा फरशीवर तडफडू लागतो, आणि स्वतःचे नावही न आठवणारा हा माणूस त्याला उचलून बाथटबच्या पाण्यात सोडतो. मरणारा मासा वाचवायला थांबतो तो कसला खुनी, असा प्रश्न पुढे खुनांचा तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर बमस्टेडलाही पडतो. माझ्या मते सगळ्या चित्रपटाचा पुरावा या एका माशात आहे. उलट, मर्डॉकसाठी तयार केलेल्या आठवणी स्वतःला टोचून घेणारा मिस्टर हँड हा परका जीव त्याच्या मागावर राहू शकतो, पण मर्डॉक होऊ शकत नाही.

मग शेल बीच कशासाठी? टॅक्सीवाल्याचा प्रसंग आठवून पाहा. मधुचंद्राला आपण तिथेच गेलो होतो, असे तो हौसेने सांगतो, रस्ता सांगायला लागतो, आणि वाक्य अर्धवट सोडून गोंधळून थांबतो. आठवण आहे, पण तिथवर नेणारी वाट नाही. भिंतीवरचे शेल बीचचे चित्र फोडल्यावर पलीकडे केवळ अंतराळ दिसते, तेव्हा त्या जागेचे खोटेपण मर्डॉकला पुरते कळलेले असते. तरीही लहानपणीच्या उन्हाची ओढ त्याच्यात उरते, कारण आठवण बनावट असली तरी ती मनात बाळगताना त्याला जे वाटले ते बनावट नव्हते. तुरुंगात काचेपलीकडून त्याची बायको एमाही त्याला हेच सांगते, की आपले प्रेम खोटे असणे शक्य नाही. म्हणून शेल बीच उभारणे ही मला माघार वाटत नाही. दुसऱ्याने लादलेल्या आठवणीतून काय ठेवायचे हे तो प्रथमच स्वतः ठरवतो.

शेवटी समुद्राच्या धक्क्यावर भेटणारी स्त्री एमाच आहे, पण नव्या आठवणींमुळे ती स्वतःला अ‍ॅना म्हणवते आणि त्याला ओळखत नाही. परक्यांप्रमाणे केवळ मनाने शहर वाकवण्याची शक्ती हाती असूनही तो तिच्या मनाला हात लावत नाही; तो आपले नाव सांगतो, आणि दोघे शेल बीचच्या दिशेने चालू लागतात.