मनाचे ठोकताळे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डोंबिवलीतल्या एका फ्लॅटचे मालकाने ९५ लाख सांगितले. घासाघीस करून ८८ वर आणले आणि टोकन दिले. आता कळते की शेजारच्या इमारतीत तेवढाच फ्लॅट ८० लाखांना गेला. मी फसलो का?

उत्तर : मजला, इमारतीचे वय आणि कार्पेट एरिया यांनुसार किंमत बरीच बदलते, त्यामुळे आपण फसलात असे लगेच म्हणता येणार नाही. मात्र ८८ लाख आपल्याला रास्त वाटले ते फ्लॅट पाहून नव्हे, तर ९५ हा आकडा ऐकून. पहिला आकडा कानावर पडला की मन तिथूनच मागेपुढे सरकू लागते आणि पुरेसे सरकण्याआधीच थांबते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७४ सालच्या प्रसिद्ध लेखात याचा एक गमतीदार प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचे चक्र फिरवून मग त्यांना विचारले गेले, की संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के असतील? चक्र १० वर थांबलेले पाहणाऱ्या गटाचा मध्यम अंदाज २५ टक्के आला, तर ६५ वर थांबलेले पाहणाऱ्यांचा ४५ टक्के. चक्राचा त्या देशांशी काडीचाही संबंध नव्हता.

व्यवसायातली माणसेही यातून सुटत नाहीत. अमेरिकेतील टूसॉन शहरातल्या इस्टेट एजंटांना एकच घर दाखवून त्याची जाहीर किंमत मात्र वेगवेगळी सांगण्यात आली, तेव्हा त्यांचे मूल्यांकनही त्या किमतीमागे ओढले गेले, आणि आपण त्या आकड्याचा आधार घेतला हे कबूल करणारे थोडेच निघाले. १९८७ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला चक्राच्या प्रयोगापेक्षा अधिक बोलका वाटतो.

करारनामा झालेला नसेल, तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच परिसरातल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा किमतीसह गोषवारा) काढा आणि ते समोर ठेवून पुन्हा बोलणी करा. यापुढे मात्र मालकाने किंमत सांगण्याआधीच आपला आकडा कागदावर लिहून ठेवलेला असावा.

प्रश्न : काहीही त्रास नसताना आईची तपासणी केली आणि अहवाल पॉझिटिव्ह आला. 'ही चाचणी ९० टक्के रुग्ण अचूक पकडते' असे ऐकले. म्हणजे आजार असण्याची शक्यता ९० टक्के धरायची का?

उत्तर : नाही. चाचणी रुग्णाला किती वेळा पकडते आणि पकडलेला माणूस रुग्ण असण्याची शक्यता किती, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि मन पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवून मोकळे होते. टक्केवारी बाजूला ठेवून माणसे मोजा. केवळ हिशेबासाठी समजा, की १००० जणांत १० जणांना हा आजार आहे. चाचणी त्यांतल्या ९ जणांना पकडेल. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना ती चुकून पॉझिटिव्ह दाखवत असेल, तर तेही साधारण ५० जण झाले. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ५९ जणांत खरे रुग्ण नऊच, सुमारे १५ टक्के. आईंच्या आजाराचे नेमके प्रमाण डॉक्टरांना विचारा. लक्षणे किंवा घरात आजाराचा इतिहास असेल तर हे गणित बदलते. पुढची खात्रीची तपासणी मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळू नका.

प्रश्न : नफ्यातले शेअर मी लगेच विकतो, तोट्यातले वर्षानुवर्षे सांभाळतो. हे कसे मोडावे?

उत्तर : आपण एकटे नाही. गुंतवणूकदारांच्या वागण्याचे अभ्यासक टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका दलाली संस्थेची १०,००० खाती तपासून १९९८ मध्ये नेमके हेच दाखवले. शिवाय विकून टाकलेले शेअर पुढे, सांभाळून ठेवलेल्यांपेक्षा सरासरीने अधिक वाढले. खरेदीचा भाव आपल्या लक्षात असतो, बाजाराला त्याच्याशी देणेघेणे नसते. तेवढीच रोख आज हातात असती, तर हाच शेअर आजच्या भावाला घेतला असता का, याचे उत्तर 'नाही' असेल तर तो विकावा. तो तोटा नियमांनुसार भांडवली नफ्यातून वजा करता येतो, याचीही आपल्या सीएंकडे चौकशी करा.

प्रश्न : मग अंदाजाने ठरवणे सोडूनच द्यावे का?

उत्तर : सोडू म्हटले तरी सुटणार नाही, आणि सोडूही नये. चक्राच्या प्रयोगातले काहनेमन आणि मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची अंतःप्रेरणेबद्दलची मते एरवी परस्परविरोधी. पण २००९ साली दोघांनी मिळून लिहिलेल्या लेखात त्यांचे एकमत झाले, की जिथे परिस्थितीत नियमितपणा असतो आणि आपला अंदाज चुकल्याचे लवकर कळते, तिथे मुरलेल्या माणसाच्या अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवावा. अग्निशमन दलाचा जुना अधिकारी किंवा अतिदक्षता विभागातली अनुभवी परिचारिका या कसोटीला उतरतात. शेअर बाजाराचा सहा महिन्यांनंतरचा निर्देशांक वाहिनीवर ठामपणे सांगणारे तज्ज्ञ उतरत नाहीत.