पुण्याहून भंडारदऱ्याला जातोय. पाच आणि सात वर्षांच्या मुलांसाठी तिथं काही ॲक्टिव्हिटी आहेत का?

तुमचा प्रश्न वाचला आणि मेहुणा आठवला. माझं गाव अकोले तालुक्यातलं (नगरचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे). मेच्या शेवटी त्याला पोरांसकट हौसेनं नेलं, तर धरणाकाठी उभा राहून म्हणतो, "दाजी, छान आहे सगळं, पण पोरांनी इथं करायचं काय?" त्यानं आधीच रेन डान्स आणि झिपलाइन असलेलं रिसॉर्ट बुक केलं होतं. ज्या भागात मे महिन्यात वाड्यावस्त्यांवर बाया हंडे घेऊन पाण्यामागं फिरतात, तिथं रेन डान्स!

दुसऱ्या दिवशी तो झोपलेला असताना मी पोरांना घेऊन रतनवाडीच्या रस्त्यानं निघालो. कडेला करवंदाच्या जाळ्या लगडलेल्या. एकेक करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. त्याची पोरगी कोंबडे मोजत बसली, धाकटा नुसता खात सुटला. ओठ चिकानं चिकटले, फ्रॉकवर जांभळे डाग पडले, हातावर काट्याचे ओरखडे. परत आल्यावर वहिनी फ्रॉक बघून माझ्यावर घसरल्या, पण पोरं त्या जाळ्यांपासून उठायला तयार नव्हती हे कुणी लक्षात घेतलं नाही.

रात्री काजवे बघायला गेलो. सादड्याचं अख्खं झाड एका तालात उजळत होतं, विझत होतं. व्हिडिओत नीट यावं म्हणून साहेबांनी गाडीचे हेडलाइट लावले. झालं, झाड गप्प! नर लुकलुकतात ते मादीला खूण म्हणून, आपला उजेड पडला की ती खूण बुडते. गावातल्या एका पोरानं त्याला चांगलं सुनावलं, मला बोलावंच लागलं नाही. काजव्यांसाठी झाडाखाली गवतात शिरू नका, माद्या खालीच बसलेल्या असतात.

बाकी, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि पुष्करणी बघा, कोरीव कामातले प्राणी मुलांनाच शोधू द्या. भंडारदऱ्याचं धरण, म्हणजेच विल्सन धरण, 1926 सालचं. रंधा धबधबा पावसाळ्यातच खरा, पण तिथं मुलांचा हात सोडायचा नाही. कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची देशी वाणांची बीजबँक आहे, आधी विचारून जा. वालाच्या बियांचे रंग बघूनच मुलं खुळावतात. जुलैत भाताची आवणी (रोपांची लावणी) चालू असेल तर ओळखीनं शेतात उतरवा. चिखल चालत नसेल तर मग प्रश्नच मिटला.

हो, कळसूबाई 1646 मीटर आहे, शिड्या आहेत, पाच वर्षांच्या पोराला नेऊ नका. सांदण दरी पावसात अजिबात नको. काजव्यांच्या दिवसांत शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, मधल्या वारी जा.

मेहुणा आजही म्हणतो, पोरांना झिपलाइनच जास्त आवडली. तुम्हालाही तीच हवी असेल तर लोणावळा जवळ पडेल.