आठ महिने झाले तरी बाबांच्या फोटोशी बोलतो, म्हणून भाऊ ॲबनॉर्मल?

ताई, पोस्ट वाचून राहवलं नाही. बाबा जाऊन आठ महिने झाले, भाऊ रोज रात्री त्यांच्या फोटोशी बोलत बसतो आणि आत्या म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय. आई गेल्यावर आमच्या धाकट्याचं अगदी हेच. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

हे आठ महिनेच बघा ना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाचा आजार म्हणायला माणूस जाऊन किमान ६ महिने व्हावे लागतात, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५-टीआर या मानसिक आजारांच्या यादीत मोठ्या माणसांना १२. म्हणजे तुमचा भाऊ एका यादीत बसू शकतो, दुसऱ्यात नाही! शिवाय नुसते महिने मोजून भागत नाही, आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा हे फारच जास्त आहे का, रोजची कामं अडलीत का, हेही बघतात. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत सणवार करत नाहीत, मग आठव्या महिन्यात फोटोशी बोलला तर रीत कुठे मोडली? चारचौघांपेक्षा वेगळा म्हणजे आजारी हे मला पटतच नाही. १९७३ पर्यंत अमेरिकेतल्या यादीत समलैंगिकतासुद्धा आजारच होती. बरं, त्या माणसाला स्वतःला त्रास होतो का एवढंच बघावं, तर मॅनियातल्या, म्हणजे अति उत्साहाच्या आजारातल्या माणसाला स्वतःला बऱ्याचदा मस्तच वाटत असतं.

आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते धाकट्याच्या ऑफिसने, नाव नको, हिंजवडीकडचं. औषधांनी बरा होऊन कामावर निघाला तर एचआर म्हणे 'मानसिकदृष्ट्या पूर्ण नॉर्मल' असं सर्टिफिकेट आणा. डॉक्टरांनी कामावर जायला फिट असं लिहून दिलं, तर तेही परत, का तर त्यात 'नॉर्मल' लिहिलेलं नाही. अहो, शुगरसारखं मोजायला काही असतं का यात, कुठला डॉक्टर असं लिहून देईल? पगार अडकला, भाडं थकलं, पोरगा पुन्हा खचला, आजही आठवलं की संताप होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ वाचा, समाजाच्या चालीरीतींत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, आणि पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरूनही नाही. याला वकिली सल्ला समजू नका, पण प्रिंट काढून ठेवाच.

जेवणझोप सुटली किंवा जगायचं नाही असं काही बोलला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांकडे जाताना आत्यांना बरोबर नेऊ नका, त्यांच्यासमोर तो तोंड उघडणार नाही.